चोवीस इंची रंधा

"बाई टँकरवर पाण्याला गेल्यात," मशीनला टेकून उभा असलेला म्हातारा म्हणाला. "येतील इतक्यात. तवर बघा की."

रंगनाथनं वहाणा दारातच काढल्या. राहात्याहून पहिली एसटी धरून तो नगरला आला होता. यजमान वारल्यापासून गीताबाईंचा हा लाकडी सामानाचा कारखाना बंद होता, आणि आता यंत्रं विकायला काढली होती. त्याला एकच हवं होतं: फळी एका बाजूनं आत सारली की दुसऱ्या बाजूनं सारख्या जाडीची होऊन बाहेर काढणारं रंधा मशीन.

इथं तशी दोन होती. एक धाकटं, बारा इंची, नवा हिरवा रंग दिलेलं. दुसरं चोवीस इंची, काळंकुट्ट, बसलेल्या म्हशीएवढं. म्हातारा त्यालाच टेकला होता.

"मिस्त्री, ह्यातलं कंचं चांगलं म्हनायचं?"

म्हाताऱ्यानं काळ्या मशीनवरून हात फिरवला. त्याच्या डाव्या करंगळीचं पेर तुटलेलं होतं. लाकडात जन्म गेल्याची ती खूणच.

"त्ये हिरवं बघा आदी," तो म्हणाला.

रंगनाथनं हिरवं बघितलं. चाक फिरवलं तशी खालची बैठक लोण्यासारखी वर आली. उचलायला हलकं, बसवायला सोपं. मोठं न्यायचं म्हटलं तर ट्रक लागणार, पाया खणावा लागणार. त्याच्या मनात हिरवं भरलं.

"ह्येच नेतो म्हनतो," तो म्हणाला.

म्हातारा खिशातून तंबाखू काढून मळत राहिला. "काम काय मिळालंय?"

"साखर कारखान्याच्या चाळींची दारं-खिडक्या. सागवान त्येंचं, घडाई आमची."

"आन मानसं?"

"सात घरं हायेत राहात्याला आमच्या आळीत सुतारांची. दोन वर्सं झाली, पाऊस न्हाई. शेतंच पडीक, मग नांगर-पाभरी कोन करून घेतंय? चुलतभाऊ माझा, सहादू. चौकटीवर असा वेल काढायचा की बघनाऱ्यानं हात लावून बघावा, खरा हाय का म्हनून. त्यो आज दुष्काळी कामावर खडी फोडतोय. ह्ये काम येळंवर दिलं तर कारखाना पुढचंबी देनार. मग सगळ्यांना माघारी बोलावतो."

म्हाताऱ्याच्या तळहातावरचा अंगठा थांबला. तंबाखू तोंडात न टाकता त्यानं ती तशीच खाली झटकली.

"थांबा," तो म्हणाला.

कोपऱ्यातला पाना उचलून त्यानं हिरव्या मशीनच्या बैठकीवर हलकेच मारला. ठप्प. मग मोठ्यावर मारला. ठण्णकन आवाज घुमला, देवळातल्या घंटेसारखा.

"समजलं का? हिरव्याचं बीड, ह्ये ओतीव लोखंड, तडकलंय. झाळ मारून सांधलंय, वरनं रंग दिलाय. बारीकसारीक कामाला चालंल, हळूहळू. सागाची जाड चौकट घातली की तडा वाढनार."

रंगनाथनं हिरव्यावरचा हात काढून घेतला. आत्ताच तो हेच न्यायला निघाला होता.

म्हाताऱ्यानं मोठ्याचा पट्टा चढवला, बटण दाबलं. जमीन बारीक थरथरली. भिंतीशी उभी करून ठेवलेली गाठाळ बाभळीची फळी त्यानं उचलली आणि आत सारली. रुळांनी ती शांतपणे ओढून घेतली. पात्यांचा एकसुरी घोष, भुशाचा फवारा, आणि पलीकडून फळी आली ती आरशासारखी. जिथं रंधा हमखास उसळतो, त्या गाठीवरसुद्धा ओरखडा नव्हता.

"आता मापा."

रंगनाथनं चारी कोपरे मापले. सुताभराचा फरक नव्हता. त्यानं फळीवरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. असं काम हातरंध्यानं करायला त्याच्या बापाला अर्धा दिवस लागायचा, आणि त्याचा बाप पंचक्रोशीत नावाजलेला होता.

मग म्हाताऱ्यानं त्याला सगळं शिकवलं. पात्यांना धार किती दिवसांनी लावायची, तेल कुठं घालायचं, एका वेळेला किती जाडी काढायची. पातं बसवताना दोनदा रंगनाथकडूनच करून घेतलं. बोलता बोलता खांद्यावरच्या पंचानं तो ते काळं बीड पुसत होता, गोठ्यातल्या बैलाची पाठ पुसावी तसं. माल खपवायला बसलेला माणूस मालाचं वैगुण्य आपल्या तोंडानं सांगतो, हे रंगनाथ जन्मात पहिल्यांदा बघत होता.

मागच्या दारी हंड्याचा आवाज झाला.

"आल्या बाई. मी जरा बोलून येतो," म्हणत म्हातारा आत गेला. थोड्या वेळानं बाहेर आला आणि म्हणाला, "जावा आता तुमी. मोठंच घ्या."

गीताबाई पदरानं हात पुसत होत्या. त्यांनी सांगितलेल्या किमतीला रंगनाथनं मान डोलावली, घासाघीस केली नाही. ठरल्यावर मात्र त्याला राहवेना.

"बाई, एक बोलू का? तुमचा मिस्त्री म्हंजी देवमानूस हाय. तुमचंच हिरवं मशीन, पन तडा गेलाय म्हनून सरळ सांगितलं मला. असा मानूस सोडू नका."

"आमचा मिस्त्री?" गीताबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "आमचे मिस्त्री दिवाळीतच पुण्याला गेले. हे कर्जतचे कारभारी सुतार, गिऱ्हाईक आहेत. मोठं मशीन त्यांनी परवाच ठरवलं होतं, आज न्यायला आलेत. आत्ता येऊन म्हणाले, मोठं त्या राहात्याच्या पाव्हण्याला द्या, मी हिरवं नेतो."