जांभळी पेन्सिल

युद्धाचे तिसरे वर्ष. टिसा नदीकाठच्या त्या गावात बोर्बाला मावशींनी पहाटे गाईची धार काढली, कोंबड्यांना मका टाकला आणि टपाल वाटणाऱ्या एटेल्काची वाट पाहत फाटकाशी उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नसे. आघाडीवर लढणाऱ्या लेकाची, डेनेशची पत्रे एटेल्काच वाचून दाखवी. गावात येणारा प्रत्येक सरकारी कागदही आधी तिच्याच हाती पडे.

"मावशी, तो म्हणतो, इथला आचारी कोमट पाण्यालाच सूप म्हणतो."

"घरी माझ्या सूपला नावं ठेवायचा, मेला! भोग म्हणावं आता."

दोघी हसल्या. खंदकात शाईची दौत नेता येत नाही, म्हणून सैनिकांना जांभळी पेन्सिल मिळे. टोक जिभेने ओले केले की अक्षर शाईसारखे उमटे, आणि लिहिणाऱ्याचा ओठही रंगे.

एटेल्काच्या ओठावर तो रंग अजून ताजा होता.

मावशींनी तो पाहिला. पत्राची घडी उराशी ठेवली आणि ओल्या एप्रनने तिचा ओठ घासून पुसला.



"आता जा, पोरी. शेजारची तेर्काही लेकाच्या पत्रासाठी खोळंबलीय, आणि तिची नजर फार तीक्ष्ण आहे."