बारा मिनिटांचा उजेड

मागच्या सोमवारी दत्तारामच्या गालातला गुलाबी डाग मसुराच्या दाण्याएवढा होता. आज तो मोहरीएवढा दिसत होता. औषधाची चूळ भरली की ते फक्त कर्करोगाच्या पेशींत मुरायचं आणि आरोग्य केंद्रातून मिळालेल्या दिव्याच्या निळ्या उजेडात तेवढाच भाग गुलाबी चमकायचा. मग लाल उजेड लावून दिवा बारा मिनिटं स्थिर धरायचा, की त्या पेशी मरायच्या. गावात आता घरोघरी कुणी ना कुणी असं दुसऱ्याच्या तोंडात डोकावत बसलेलं असे.

“मोठा आ करा. गुटख्याची पुडी रिकामी करताना कसा करायचात?” त्याच्या तोंडात दिवा धरत कुमुदिनी म्हणाली.

दत्ताराम घशातल्या घशात हसला. बारा मिनिटं नवऱ्याला उलट बोलता येत नाही, हे तिला फार आवडायचं.

पंधरा दिवसांपूर्वी तिने सहज त्याच्या औषधाची चूळ भरून आरशासमोर दिवा धरला होता. खालच्या हिरडीवर, ती रोज मिश्री लावायची तिथेच, दोन ठिपके चमकले. मिश्रीची डबी तिने त्याच दिवशी फेकली, पण सांगणं उद्यावर ढकलत राहिली. सांगितलं असतं तर त्याला बोलायला तिला तोंड उरलं नसतं. डाग खोल गेला की उजेड तिथवर पोचत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

दोन मिनिटं उरली होती.

“अहो, तोंड मिटू नका,” ती म्हणाली. “उद्या मी केंद्रात माझंही नाव घालतेय. माझ्या वेळी दिवा तुम्ही धरायचा.”