तीन मिलिमीटर

पर्जन्यमापकात सहा मिलिमीटर पाणी होतं आणि आवारातली धूळ ठणठणीत कोरडी होती.

तिने मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून पुन्हा पाहिलं. सहा. कुंपणाच्या तारेवर चौकीदाराची चादर रात्रभर वाळत पडली होती. तिने ती चिमटीत धरून पाहिली. पापडासारखी कडक.

हंगामाचा शेवटचा दिवस. सकाळी साडेआठचा हा एक आकडा वहीत चढला की हिशेब बंद. कालपर्यंतची बेरीज दोनशे सत्तेचाळीस. अडीचशेच्या आत राहिली तर तीव्र दुष्काळ जाहीर होणार, वरच्या गावांना टँकर सुरू होणार. अडीचशे भरले, तर काही नाही. सरकारने या आकड्यावर टँकर ठेवले होते आणि बाजाराने सट्टा. गेले दोन महिने सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, दवाखान्यातसुद्धा लोक एकमेकांना एकच विचारत होते, पडणार की नाही. म्हणजे पाऊस नव्हे, दुष्काळ.

तिच्या मनात पाल चुकचुकली ती आधी चौकीदाराच्या नावाने. तो फाटकाशी दात घासत उभा होता.

"रात्री आत कोण आलं होतं?"

"कोणी नाही, मॅडम."

"तुम्ही सट्टा लावलाय ना?"

चौकीदाराने चूळ भरली, तोंड पुसलं. "लावलाय. खोटं कशाला बोलू? पण दुष्काळ पडणार म्हणून लावलाय. आमच्या गावात बायका दोन डोंगर उतरून पाण्याला जातात. आमच्याकडे तो पडूनच आहे, तुमच्या वहीत तेवढा पडायचाय."

ज्याला दुष्काळ हवा तो मापकात पाणी कशाला ओतेल? शिवाय कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक तिच्या कमरेला, दुसरी घरात, दारामागच्या खिळ्याला. तिने घराकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. असलं काही मनात आणल्याची तिला लाज वाटली.

वही काखेत मारून ती आवारापलीकडच्या क्वार्टरमध्ये गेली. वडील खिडकीशी चहा पीत बसले होते. गावात त्यांना पाऊसकाका म्हणत. तीस वर्षं हाच मापक त्यांनी सांभाळला आणि तीस वर्षं हंगामाच्या सुरुवातीलाच ते बेरीज किती होणार ते सांगत. एकदाही चुकले नाहीत. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि अर्धा बाजार त्या रेघेवर पैसे लावून मोकळा व्हायचा. यंदा ते निवृत्त झाले, जागेवर मुलगी आली, पण भाकीत त्यांचंच होतं. बेरीज अडीचशे भरणार, तीव्र दुष्काळ पडणार नाही.

"तीन झाला ना गं?" त्यांनी पेपरमधून डोकं न काढता विचारलं.

ती उंबऱ्यातच थांबली. तिने अजून कोणाला काही सांगितलं नव्हतं.

"तीन नाही, बाबा. सहा."

कप खाली आला. "सहा कसा होईल?"

पाऊस पडला असता तर हा प्रश्न कोणीही विचारला नसता. पावसाला सहा पडायला कोणाची परवानगी लागते? ती स्वयंपाकघरात गेली. निवृत्तीच्या समारंभात वडिलांना त्यांचं जुनं मोजपात्र भेट मिळालं होतं. ते एरवी काचेच्या कपाटात असायचं. आत्ता ते ओट्यावर, धुतलेल्या भांड्यांमध्ये पालथं होतं.

ते उचलून ती बाहेर आली आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"नव्या मापकाचं तोंड जुन्याच्या निम्मं आहे. तुम्हाला सांगितलं होतं मी. जुन्या पात्रातलं तीन तिथे सहा होतं."

वडिलांनी पात्राकडे पाहिलं. रंगेहाथ सापडल्याचं त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. माप चुकल्याचं मात्र मनाला लागलं होतं.

"निम्मं," ते स्वतःशीच म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "लोकांनी माझ्या शब्दावर लावलंय. आता या वयात मला तोंडघशी पाडणार आहेस का तू?"

"वरच्या गावांना पाणी नाहीये, बाबा."

"एका वर्षाने काय होतं? तीस वर्षांत मी एकदाही..."

तिने वही टेबलावर उघडली, आजच्या तारखेसमोर शून्य लिहिलं आणि खाली सही केली. शून्य गोल आलं. वडिलांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला.

आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण त्यांचं ते अर्धवट वाक्य तिच्या डोक्यात घुटमळत राहिलं. तीस वर्षांत एकदाही नाही. आणि तीस वर्षं भाकीत करणारा तोच, मोजणारा तोच. ऑफिसच्या कपाटात त्या तीस वह्या होत्या, देखण्या अक्षरातल्या, एकही खाडाखोड नसलेल्या. त्यांची सरासरी काढूनच कोणीतरी ठरवलं होतं की दुष्काळ अडीचशेच्या खाली सुरू होतो.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "त्या जुन्या वह्यांमध्येसुद्धा?"

वडिलांनी कपातला गार चहा संपवला.

"दरवेळी नाही," ते म्हणाले.