सुट्टीचं बांधकाम

गवंड्यानं डब्याचं झाकण आडवं धरलं आणि ओल्या वाळूच्या भिंतीवरून असं काही सफाईनं फिरवलं, की फिरायला आलेलं एक म्हातारं जोडपं थांबून बघायलाच लागलं.

"घ्या! समुद्रावर आलो तरी ह्याची साइट सुरूच," रंगारी म्हणाला.

"कोपरा बघ, कोपरा! चक्क काटकोनात," वायरमन म्हणाला. "लोकांच्या घरात असा एक कोपरा कधी काढला नाही पठ्ठ्यानं."

गवंडी खदखदून हसला. हवा छान होती, पोट भरलेलं होतं. पण हसता हसता नजर डावीकडे गेलीच. चार हातांवर प्लंबर त्यांच्याकडे पाठ करून शेंगदाणे खात बसला होता.

दोन महिने दोघांत अबोला होता. प्लंबरनं पाइप तपासायच्या आधीच गवंड्यानं एका बाथरूमची फरशी बसवून टाकली, पाणी खालच्या मजल्यावर उतरलं, आणि मालकासमोरच दोघांची जुंपली. अठरा वर्षांची दोस्ती एका फरशीपायी रुसून बसली. चूक आपली, हे गवंड्याला त्याच दिवशी कळलं होतं. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! शेवटी आज बाकीच्या दोघांनी ह्या दोघांना थापा मारून एकाच गाडीत कोंबून आणलं होतं. आजही नाही जमलं तर चौघांनी मिळून कामं घेणं बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गवंड्यानं चौथी भिंत उभी केली. प्लंबरनं मान जराशी वळवली. मग पुरती वळवली.

"त्याला सांग," तो रंगाऱ्याला म्हणाला, "आतलं पाणी बाहेर जायला वाट ठेवलेली नाही."

"त्याला सांग," गवंडी वायरमनला म्हणाला, "आज सुट्टी आहे."

"अरे, चार हातांवर बसलाय तो! मी काय टपाल खात्यात आहे?" वायरमन वैतागला.

गवंड्याचा हात भिंतीवर थबकला. वाट ठेवायला हवी होती, हे त्यालाही दिसत होतं. पण आता भिंत फोडायची, तीही ह्याच्या सांगण्यावरून? त्यानं मुकाट्यानं वरचा काठ साफ केला.

तेवढ्यात लाट आली. भिंतीवरून आत शिरली आणि आतच तुंबली. भिंती आतून भिजत गेल्या, आणि तो काटकोनातला कोपरा आधी बसला. मागोमाग चारही भिंती गेल्या. राहिला नुसता चिखल.

प्लंबर उठून आला, त्या चिखलापाशी उभा राहिला. अठरा वर्षांत ह्या माणसानं कुणाची चूक न दाखवता सोडली नव्हती. गवंड्यानं मान खाली घातली. बोल बाबा, म्हणाला मनात, बोलून टाक एकदाचं.

"भिंत चांगली होती," प्लंबर म्हणाला. "लाटच नालायक."

आता काही बोललो तर रडूच येईल आणि ही दोन माकडं जन्मभर चिडवतील, म्हणून गवंडी वाळूकडेच बघत राहिला. प्लंबर मात्र पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करायला लागला. वायरमनकडून चाकू घेऊन त्यानं एकेकीचं बूड कापलं आणि एकीचं तोंड दुसरीत घालून बघितलं.

गवंड्यानं चिखल बाजूला सारून जागा सपाट केली.

"आधी तुझा पाइप टाक," तो म्हणाला. "पाणी सोडून बघ. मी थांबतो."

आणि हातातलं झाकण खाली ठेवून तो ओल्या वाळूत मांडी घालून बसला.