मामाजी काय म्हणतात

"पलटव मले," डोमाजी म्हणाले. "पाठ जळून राह्यली."

एलसी सिस्टर खाली वाकली. लकव्याने डोमाजींचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द लाळेत घोळून बाहेर पडत. केरळातून नुकत्याच वर्ध्याला आलेल्या त्या पोरीला साफ बोललेलंही अर्धंच कळायचं. तिने पलंगाशी बसलेल्या शोभाबाईकडे पाहिलं. सुनेला सासऱ्याचा शब्द न् शब्द कळतो, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. म्हणूनच अतिदक्षता विभागात कोणाही नातेवाइकाला थांबू देत नसताना तिला तिथे स्टूल मिळालं होतं.

"क्या बोलता है बाबा?"

"करवट मत दो बोलते," शोभाबाई म्हणाली. "चक्कर आती उनको."

"देना पड़ेगा न अम्मा." सिस्टरने त्यांच्या पाठीखाली हात घातला. डोमाजी कळवळून ओरडले.

"देखा?" शोभाबाई म्हणाली.

सिस्टरने हात काढून घेतला. पलीकडच्या पलंगावरचं मशीन वाजायला लागलं होतं, ती तिकडे धावली.

डोमाजी रडू लागले. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. लकव्याच्या पेशंटला उगीचच रडू येतं, घाबरायचं नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

संध्याकाळी हिंगणीचं दुकान नोकरावर टाकून प्रफुल आला. बापाने त्याचा शर्ट चांगल्या हाताने पकडला आणि जीव तोडून काहीतरी सांगितलं.

"का म्हणतात बाबूजी?" प्रफुलने बायकोला विचारलं.

"दुकानाचं इचारून राह्यले."

"दुकान एकदम मस्त चालू आहे, बाबूजी. तुमी टेन्शन नोका घेऊ." त्याने शर्ट सोडवून घेतला, बापाच्या पाया पडला आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून निघाला.

डोमाजी सुनेकडे बघत राहिले. "काऊन केलं असं?" एवढंच त्यांनी विचारलं.

शोभाबाईने नॅपकिनने त्यांची लाळ पुसली. मग कानाशी तोंड नेऊन ती हळू आवाजात म्हणाली, "माह्यंबी पोट असंच जळून राह्यलं होतं, मामाजी. मी बोंबलत होती. तुमी भाईर खाटेवर बसून सांगत होते, नाटकं करते, गाडी नोका जुपू. लेकरू पोटातच मेलं."

डोमाजींनी डोळे मिटले. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून नीट खोचलं.

त्यानंतरही ते रोज सांगत राहिले. पलटव. पाठ. आग. आणि शोभाबाई सांगत राहिली, पाणी मागतात, झोप आली म्हणतात, पंखा कमी करा म्हणतात. सिस्टर बिचारी ऐकत राहिली.

शेवटी वासानेच कळलं. मोठे डॉक्टर राउंडला आले आणि डोमाजींच्या पलंगापाशी थबकले. त्यांनी दोन वॉर्डबॉय बोलावून पेशंटला कुशीवर घ्यायला लावलं. चादर पाठीला चिकटली होती. ती ओढली तशी तिच्यासोबत कातडीही निघाली. कंबरेखाली तळहाताएवढा काळा डाग होता. त्याच्या मधोमध खड्डा पडला होता आणि खड्ड्याच्या तळाशी हाड दिसत होतं.

शोभाबाईने पलंगाचा दांडा धरला. त्यांना दुखावं, एवढंच तिला हवं होतं. असं काही आत होत असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"पाठ कोणी बघितली नाही?" डॉक्टर सिस्टरवर ओरडले. "माणूस आहे की लाकडाचा ओंडका? सामान बांधा आणि घरी जा. मला उद्या इथे दिसू नका."

"सर, बाबा खुद मना करता था," एलसी रडत म्हणाली. "अम्मा को पूछो, सर."

डॉक्टर शोभाबाईकडे वळले. "हे नको म्हणत होते?"

तेवढ्यात डोमाजीच बोलले. कुशीवर पडल्यापडल्या, सगळा जोर लावून, कधी नव्हे इतक्या मोठ्याने. "ही खोटं बोलते. मी सांगत होतो. ही खोटं बोलते."

तरी कोणाला काही कळलं नाही. "काय म्हणतात?" डॉक्टरांनी विचारलं.

शोभाबाईने रडणाऱ्या पोरीकडे पाहिलं. मग सासऱ्याकडे.

"म्हणतात, सिस्टरले बोलू नोका," ती म्हणाली. "तिची काई चूक नाई म्हणतात. मीच नाई म्हणत होतो, म्हणतात. पोरीची नोकरी नोका घेऊ म्हणतात."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. "एवढ्या दुखण्यात," ते वॉर्डबॉयना म्हणाले, "बघा, माणूस कोणाचा विचार करतोय." मग सिस्टरला म्हणाले, "जा, ड्रेसिंगचा ट्रे आण."

एलसी लगेच ट्रे आणायला गेली नाही. ती आधी पलंगाच्या पायथ्याशी गेली, वाकली आणि दोन्ही हातांनी डोमाजींचे पाय धरून त्यावर तिने कपाळ टेकवलं.

डोमाजी अजून बोलतच होते.