हिरवी टिक

गोठ्यात दावं होतं, म्हैस नव्हती.

वैष्णवी खानापूरला माहेरी राहून दुपारच्या बसनं रामनगरला परतली होती. पिशवी ओट्यावर टाकून ती सवयीनं गोठ्यात डोकावली आणि तशीच मागे फिरली.

"आत्या, चंद्री कुठाय?"

सावित्रीबाई, तिची सासू, पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इकली."

"विकली? कशापायी?"

"पैसं गुतिवलं. योगेशकडं ते नवीन नाणं निघालंय न्हवं, फोनमदलं. वनश्री. रोज वाढतंय म्हणं."

वैष्णवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातलं तेल-मीठ चंद्रीच्या दुधावर चालायचं. रोज सकाळी सावित्रीबाई डेअरीत दूध घालून यायच्या आणि चपला काढायच्या आधी दारातूनच दुधाला लागलेलं फॅट ओरडून सांगायच्या, "सहा पॉइंट पाच!" ते ऐकल्याशिवाय घरात चहा चढत नसे. सरकीची पेंड मिळाली की आकडा चढायचा. गेल्या वर्षी शेतात गवा शिरला, चंद्री बुजून दावं तोडून पळाली आणि फॅट एकदम घसरलं, तर या बाईनं आठवडाभर त्या गव्याला शिव्या घातल्या होत्या. अशी म्हैस हिनं एका दिसत नसलेल्या नाण्यापायी देऊन टाकावी!

"हे नाणं खरं म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी?"

"तूच की." सावित्रीबाईंनी आता वर पाहिलं. "योगेशनं तुझ्या कंपनीचं ते यंत्र उघडून दावलं. हिरवी टिक आली. तू लिवल्यालं हाय ते, खोटं कसं आसंल?"

वैष्णवीनं ओट्यावरची पिशवी ओढून लॅपटॉप बाहेर काढला.

ती घरी बसून बेंगळुरूच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनीचं ते यंत्र म्हणजे एक सॉफ्टवेअर होतं. कुठल्याही क्रिप्टो टोकनचा, म्हणजे असल्या फोनमधल्या नाण्याचा, भाव ते तीन साइटवरून आणायचं आणि ताडून बघायचं. तिन्ही भाव जुळले की हिरवी टिक, नाही जुळले की लाल फुली. ते वापरायचं कसं, आपली साइट त्याला जोडायची कशी, ही सगळी पुस्तिका वैष्णवीनं लिहिली होती. सोबतची रोजच्या भावांची नमुना फाइलही तिचीच. नमुन्यात खरं टोकन नको, पण आकडे खऱ्यासारखे खालीवर होणारे हवेत, असा साहेबांचा हुकूम होता. डोक्यात येतील, कानावर येतील ते आकडे भरत तिनं ते कंटाळवाणं काम उरकलं होतं.

तिचा जीव अडकला होता तो एका वेगळ्याच वाक्यात. 'तिन्ही भाव सारखे आले म्हणजे भाव खरा, असं समजू नका. तिघांनी एकाचंच उतरवून घेतलेलं असू शकतं.' साहेबांनी ते वाक्य उडवलं. गिऱ्हाइकं बिचकतात म्हणे! वैष्णवी भांडली, मेलवर मेल पाठवले, शेवटी दमून गप्प बसली. आणि आता तिचाच गोठा रिकामा झाला होता.

"उठा आत्या," ती लॅपटॉप काखोटीला मारत म्हणाली. "चला स्टँडवर."

योगेशचं मोबाइलचं दुकान बसस्टँडसमोर होतं. या दोघींना पाहून तो लगबगीनं उठला. "या वैनी, बसा. सोडा मागवू?"

"म्हैस मागव."

"म्हस तर हल्याळच्या मानसानं नेली." योगेश हसला. "पर भ्यायचं काय त्यात? टिक हिरवी हाय. आनी तुमच्याच पुस्तिकेत बघून जोडलंय सगळं. वरचा साहेब म्हनला, काय अवघड न्हाई, त्यातला नमुना उतरून घ्यायचा, आपलं नाव घालायचं, झालं."

"कोण वरचा साहेब?"

"बघितला न्हाई कदी. फोनवर बोलतोय."

"तोंड न बघितलेल्या माणसाच्या भरवशावर तू म्हातारीची म्हैस विकायला लावलीस? लाज नाही वाटली?"

आवाज चढला तशी माणसं जमली. गोव्याच्या बसची वाट बघणारे वळले, चहा पिणारे ट्रकवाले उठून आले. वैष्णवीला तेच हवं होतं. सगळ्या गावाला कळू दे. सावित्रीबाई दुकानाच्या बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. चष्मा घरीच, योगेशच्या फोनवर त्यांना आजवर फक्त ती हिरवी टिक दिसली होती.

वैष्णवीनं काउंटरवर लॅपटॉप उघडला आणि वनश्रीचा भाव देणाऱ्या तिन्ही साइट शेजारी शेजारी लावल्या. रोजचा भाव तिन्हीकडे अगदी एकसारखा, दशांशाचाही फरक नाही.

"बघा!" तिनं काउंटरवर हात आपटला. "बाजारात कधी तीन दुकानांत असा भाव मिळतो? हे आकडे कुणीतरी घरी बसून लिहिलेत. मनाला येतील तसे! कोण तो हरामखोर, मला एकदा त्याचं तोंड बघायचंय!"

"बराबर हाय," एक ट्रकवाला म्हणाला.

"ऐका सगळ्यांनी, वाचूनच दाखवते." आणि ती स्टँडभर ऐकू जाईल अशा आवाजात एकेक दिवसाचा भाव वाचू लागली. "सहा पॉइंट चार! सहा पॉइंट पाच! सहा पॉइंट सात! आणि मध्येच हा बघा, एकदम पाच पॉइंट एक! हा काय भाव झाला? हे तर..."

तिनं वाचणं सोडून बाकाकडे पाहिलं.

बाकावर सावित्रीबाई ताठ बसल्या होत्या. कितीतरी वेळानं त्यांच्या तोंडावर ओळखीचं हसू आलं.

"आगं, ह्यो तर गवा शिरला त्या दिसाचा आकडा," त्या म्हणाल्या. "आपल्या चंद्रीचं फॅट हाय हे, वैष्णवी. त्यास्नी कुनी सांगितलं?"