पेडलवरचे ठोकळे

जावयाला जुनं दोन आसनी विमान घ्यायचं होतं, पण सासऱ्यांच्या होकाराशिवाय नाही. सासरे निवृत्त विमान-तपासनीस. त्यांनी विमानात आजवर झालेल्या बदलांच्या वह्या पानन्‌पान चाळल्या. तीनदा बदललेल्या रंगाचीसुद्धा नोंद होती. मग ते कॉकपिटमध्ये वाकले आणि भडकले.

"पेडलवर हे लाकडी ठोकळे बसवलेत आणि वहीत अक्षरही नाही. कुठल्या गाढवाचं काम हे? विमान घ्यायचं नाही."

जावयाचा चेहरा पडला. सासूबाई मात्र चपला काढून निवांत सीटवर चढून बसल्या. त्यांचे आखूड पाय ठोकळ्यांवर बरोब्बर टेकले.



"जावईबापू, त्या गाढवाला मी ओळखते. माझे पाय पुरावेत म्हणून त्यानं हे बसवले, आणि पुढच्याच महिन्यात आमचं लग्न झालं. नोंद तेवढी आता करायला सांगा."